चाचणीतला पैलवान

सातारा-सांगलीकडे लोक गड बघायला जातात, घाट बघायला जातात, नाहीतर मावसभावाच्या लग्नाला जातात. मी गेलो एका सहीसाठी. ती मिळाली. पण मिळण्याआधी मला हजारभर लोकांसमोर बूट काढून लाल मातीत उतरावं लागलं, आणि तेही डोक्याला फेटा असताना. जे त्या बाजूला गेले नाहीत त्यांनी जरूर जावं. फक्त कुठल्याही रकान्यात स्वतःचं नाव लिहू नये.

आधी माझा धंदा सांगतो, कारण तो माझ्या सख्ख्या भावालाही अजून कळलेला नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याने लिहिलेला कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम वापरून बघायचा, तो कुठे अडखळतो ते शोधायचं आणि लिहिणाऱ्याचं तोंड पडेल अशा भाषेत कळवायचं. त्याआधी वीस वर्षं मी पिंपरीच्या एका कारखान्यात बोल्ट मापात आहेत की नाहीत ते तपासत होतो. कारखाना बंद पडला आणि मेहुण्याच्या ओळखीने एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटलो. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार, अशी तेव्हा हवा होती. त्यामुळे चुका शोधणाऱ्या माणसांना एकदम भाव आला होता.

भाव आला तसं मागून सर्टिफिकेटही आलं. परदेशी गिऱ्हाइकांना म्हणे रीतसर परीक्षा पास झालेले टेस्टर हवेत. साहेबांनी जाहीर केलं, ‘‘मार्चअखेर ज्याच्याकडे सर्टिफिकेट नसेल, त्याने दुसरीकडे बघावं.’’ हे सांगताना ते सगळ्यांकडे बघत होते, पण मला वाटलं माझ्याकडेच बघतायत. सत्तेचाळीस वर्षांचा टेस्टर त्या खोलीत मी एकटाच होतो.

लेखी परीक्षा मी तिसऱ्या खेपेला पास झालो. राहिलं प्रात्यक्षिक. आपल्या कंपनीचं नसलेलं, कुठेतरी खरोखर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर निवडायचं, मानकातल्या, म्हणजे टेस्टिंगच्या नियमपुस्तकातल्या, नियमांप्रमाणे ते तपासायचं, फॉर्म भरायचा, त्यावर प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसाची सही आणि शेरा घ्यायचा, आणि मग तोंडी परीक्षेला उभं राहायचं. माझ्या निम्म्या वयाच्या सहकाऱ्यांनी पुण्यातली वाचनालयं आणि दवाखाने पटापट पटकावले. मी तोवर चार रंगांची पेनं घेऊन चाचणीचा आराखडा काढत बसलो होतो. आराखडा पुरा झाला तेव्हा मार्च लागला होता आणि तपासायला पुण्यात काही उरलं नव्हतं.

सातारा

म्हणून मी शकूताईला फोन केला. शकूताई माझी मावसबहीण, साताऱ्यात शाळेत शिकवून निवृत्त झालेली. तिने सांगितलं, ‘‘ये. माझी एक विद्यार्थिनी कराडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, तिने काहीतरी केलंय.’’

एस्टीच्या प्रवासात माझ्याजवळ मानकाची झेरॉक्स होती. इंग्रजी, जाडजूड, बांधलेली. शिरवळच्या पुढे माझ्या शेजारची खिडकी खाली घसरून वारा यायला लागला, तेव्हा कंडक्टरने न विचारता ती झेरॉक्स माझ्या मांडीवरून उचलली आणि खिडकीच्या फटीत ठोकून बसवली. खिडकी साताऱ्यापर्यंत हलली नाही. त्या मानकाचा एवढा रोखठोक उपयोग पुढेही कोणी केल्याचं मला माहीत नाही.

शकूताईने कंदी पेढ्यांचा पुडा पुढे केला आणि सगळी हकिगत ऐकून घेतली.

‘‘म्हणजे पभ्या, चुका काढायचं सर्टिफिकेट?’’

‘‘हो.’’

‘‘आणि त्याला परीक्षा लागते? तुझी आई तर फुकट काढायची.’’

‘‘ताई, हे शास्त्र आहे. यात नियम आहेत.’’

‘‘मग पहिला नियम पाळ. पुड्यातले सात पेढे संपलेत, मोज.’’

पुण्यात पाहुण्याला पेढा एक देतात आणि तो कुठल्या दुकानातला ते दहा मिनिटं सांगतात. साताऱ्यात पुडा पुढे सरकवतात आणि मग तुम्हाला मोजतात. दोन्ही पद्धतींत पाहुण्याची परीक्षा होते, पण साताऱ्याला निदान पोट भरतं.

कराड

सुनंदा कांबळे कराडला स्टँडवरच घ्यायला आली होती. तिशीतली, चटपटीत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. वडील फौजेतून निवृत्त झालेले, भाऊ पैलवान. संगमावर नेऊन तिने मला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात ते दाखवलं आणि तिथेच, भेळ खाताना, आपला प्रोग्रॅम समजावला.

तिकडे गावोगावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान असतं. कोण कोणाशी लढणार, म्हणजे ‘जोड’, ती गावचे पंच नजरेने ठरवतात. दोन पैलवान समोरासमोर उभे करायचे, खांदे-मांड्या बघायच्या आणि हातात हात द्यायचे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका जोडीत सुनंदाच्या भावाला वीस किलो जड गडी मिळाला आणि भावाचं खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून जोड्या वजनावरून लावायचं तिच्या डोक्यात होतं. पैलवानांची नावं, वजनं, वयं भरली की तिचा प्रोग्रॅम बरोबरीच्या जोड्या लावून यादी छापून देणार होता.

‘‘यंदा आंबेडोहच्या मैदानात पहिल्यांदा वापरणार आहेत, सर. पंचांना जोड्यांवरून दरवर्षीची भांडणं नको झालीत. पण यात्रा कमिटीच्या आप्पांनी स्पष्ट सांगितलंय, एक जरी जोड चुकली तरी पुढच्या वर्षी कॉम्प्युटर नाही.’’

मी भेळेचा कागद नीट घडी घालत म्हणालो, ‘‘काळजी करू नका. आता मी आलोय.’’

हे वाक्य मी ज्या आवाजात उच्चारलं, तो आवाज मला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत होता.

आंबेडोह, पहिला दिवस

आंबेडोह वारणेकाठी, सांगली जिल्ह्यात. गावात शिरेपर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस. आप्पा मगदूम हे यात्रा कमिटीचे प्रमुख. जैन शेतकरी, एकेकाळचे नावाजलेले पैलवान, आता तालमीचे वस्ताद. मान आणि डोकं यांच्यातली सीमा निसर्गाने त्यांच्या बाबतीत आखलेलीच नव्हती. मला वाटलं होतं, पैलवानाचं घर म्हणजे तांबडा-पांढरा रस्सा. समोर आलं ते सूर्य मावळायच्या आत वाढलेलं जेवण: ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही आणि खपली गव्हाची खीर.

‘‘आप्पा, मांसाहार न करता एवढी ताकद?’’

‘‘म्हस काय खाती, पावनं?’’ आप्पा म्हणाले. मी खीर पुन्हा घेतली.

पण ते जेवण संध्याकाळचं; सकाळी आधी कॉम्प्युटर. तो हायस्कूलच्या एका खोलीत होता. दारात चपला काढायच्या, आत बोलायचं हळू. कॉम्प्युटरला शाळेतल्या बाईंनी शिवलेलं झालरीचं कव्हर होतं. घरच्या देवाला मी इतक्या अदबीने कधी हात लावलेला नाही. पोस्टकार्डांवरून आलेली सत्त्याऐंशी पैलवानांची नावं सुनंदाने आधीच भरून ठेवली होती.

‘‘सर, कॉपी काढून देते. तुमची खोटी नावं त्या फ्लॉपीवर भरा,’’ ती म्हणाली.

‘‘मानकात म्हटलंय, शक्यतो प्रत्यक्ष परिस्थितीत तपासावं.’’ मानकात त्याच्या पुढचंही एक वाक्य आहे: मात्र खऱ्या नोंदींना हात लावू नये. पण त्या पानाची खिडकीच्या फटीत घडी पडली होती आणि मी ती उलगडली नव्हती.

मग मी कामाला लागलो. चाचणी करायची म्हणजे खऱ्या माणसांसारखं वागून चालत नाही. मी शून्य किलोचा पैलवान भरला, प्रोग्रॅमने नाकारला. नऊशे किलोचा भरला, नाकारला. दोनशे वर्षांचा, बिननावाचा, सगळे परत आले. एक चूक मात्र मला खरोखर सापडली. दोन गावांतले दोन संभाजी पाटील प्रोग्रॅमला एकच वाटत होते. सुनंदाने मान डोलावली आणि दहा मिनिटांत ती दुरुस्त केली. माझी छाती दोन इंच फुगली.

काही खोटे पैलवान प्रोग्रॅमने योग्य म्हणून आत घेणंही आवश्यक होतं. असे दहा मी घातले: पै. क्ष, पै. एकदोनतीन, पै. खोटाराम, वगैरे. अकराव्याला नाव सुचेना. मग स्वतःचंच लिहिलं: पै. प्रभाकर निमकर, निमकर तालीम, पुणे. वजन बासष्ट. हे माझ्या लग्नातलं वजन. वय बत्तीस. ते का लिहिलं, ते विचारू नका.

दुपारी सुनंदा कॉलेजच्या तासासाठी कराडला परत जायला निघाली. मी खोटी नावं पुसायला बसलो. यादी वरून खाली वाचत गेलो आणि जे नाव विचित्र दिसेल ते पुसत गेलो. क्ष गेला, एकदोनतीन गेला, खोटाराम गेला. ‘पै. प्रभाकर निमकर’ या नावावरून माझी नजर फिरली, पण खरं सांगतो, मला त्यात कुठेही काही विचित्र दिसलं नाही.

जोड्यांची यादी छापून आली. सुनंदा दारात चप्पल घालताना म्हणाली, ‘‘सर, चव्वेचाळीस जोड्या? सकाळी एक पैलवान उरत होता ना?’’

‘‘आता कोणी उरत नाही,’’ मी हसून म्हणालो. ‘‘याला टेस्टिंग म्हणतात.’’

तिची एस्टी आली. ती घाईने गेली.

मैदान

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान भरलं. तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, हळद मिसळून केलेला मऊ हौद, भोवती गोल माणसंच माणसं. झाडांवरही माणसं. हलगी अशी कडकडत होती की माझ्यासारख्याच्याही मांड्या आपोआप ताठ होत होत्या. पाहुणा म्हणून मला फेटा बांधून पंचांच्या शेजारी खुर्चीत बसवलं होतं. कराडहून परतलेली सुनंदा पलीकडे बायकांच्या गर्दीत होती. वजनं जुळवून लावलेल्या कुस्त्या चटकदार होत होत्या. तीस जोड्या झाल्या, एकही तक्रार नाही. माझ्या बॅगेत फॉर्म तयार होता. संध्याकाळी आप्पांची सही, उद्या पुणे, मग सर्टिफिकेट. नोकरी वाचली होती.

माइकवरचा निवेदक गरजला, ‘‘आता एकतिसावी जोड! उंब्रजचा ढाण्या वाघ, महादू यादव! आन् त्याच्या इरुद्ध, खास पुन्याहून आल्याला, निमकर तालमीचा पट्ठ्या, पैलवान परभाकर निमकर!’’

लाउडस्पीकरवर स्वतःचं नाव ऐकल्यावर माणसाचं डोकं चालत नाही. मला वाटलं, सत्कार आहे. मी उठलो आणि चारी दिशांना वाकून नमस्कार केला.

हौदात लंगोट लावून उभा असलेला, काळ्या दगडातून काढल्यासारखा महादू यादव माझ्याकडे बघत राहिला.

‘‘आवं, ह्यो तर कापडातच हाय!’’ झाडावरून कोणीतरी ओरडलं.

‘‘पुन्यात तसंच खेळत्यात गड्या, इस्त्री मोडाय नगं!’’

आप्पा माझ्या कानाशी आले. ‘‘पावनं, ह्ये काय?’’

‘‘आप्पा, ते चाचणीसाठी... मी फक्त नमुन्यादाखल...’’

निवेदकाला माझी भेदरलेली नजर दिसली असावी. त्याने माइकवरच विचारलं, ‘‘काय वो पाहुणं, कम्प्युटर चुकला व्हय?’’

हजारभर माणसं उत्तराची वाट बघत होती. किती सोपं होतं! ‘हो’ म्हटलं की संपलं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, कारण कॉम्प्युटर चुकतो हे त्यांना मनापासून हवंच होतं. माझा फॉर्मही शाबूत राहिला असता. उलट एक मोठा दोष सापडला म्हणून वजनच वाढलं असतं. पलीकडे सुनंदा उभी राहिली होती. ‘एक पैलवान उरत होता ना’ हे तिला आणि मला दोघांनाही त्याच क्षणी आठवलं, एवढं मला दिसलं.

‘‘आप्पा, आता काय करू?’’

‘‘नाव पुकारलंय. हितं बसून काय सांगू नगा. पोरगं दोन म्हयनं मेहनत करून आलंय. मातीत उतरा आन् त्येला त्वांडावर सांगा काय झालं त्ये.’’

मी बूट काढले. मोजे काढले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. हौदात पाय ठेवला तर माती गार आणि लोण्यासारखी मऊ. निवेदकाने माइक हातात दिला. शाळेतल्या नाटकात मी सेनापती होतो, त्यानंतर इतक्या लोकांपुढे प्रथमच बोलत होतो.

‘‘कॉम्प्युटर चुकलेला नाही,’’ मी म्हणालो. ‘‘बाईंचा प्रोग्रॅमही चुकलेला नाही. मी खोटं नाव भरलं आणि पुसायला विसरलो. वजन खोटं आहे. वयही खोटं आहे.’’

‘‘त्ये दिसतंयच की!’’ झाडावरून आवाज आला आणि सगळं मैदान हसायला लागलं.

महादू दोन पावलं पुढे आला. मला वाटलं, आता चिडणार. त्याने वाकून मूठभर माती उचलली आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर लावली.

‘‘मामा, येवडं उतारलाय तर सलामी तरी द्या.’’

मी सलामी दिली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. आधी महादूचे कान दिसले, मग झाड दिसलं, मग झाडावरची माणसं उलटी दिसली, आणि मग निळंशार आकाश. शेताच्या बांधावर तान्हं मूल ठेवावं इतक्या जपून त्याने मला पाठीवर ठेवलं होतं. फेटा मात्र पार पंचांपर्यंत गेला. हलगीवाल्याने मला दोन जादा ठोके दिले.

पण महादूचा प्रश्न सुटला नव्हता. त्याला खरा जोडीदार उरला नव्हता. आप्पा हौदात उतरले आणि गर्दीभोवती हळूहळू फिरले. एका ठिकाणी थांबून त्यांनी शिराळ्याचा एक आडदांड गडी हाताला धरून उठवला. त्याचे खांदे दाबून बघितले, महादूकडे बघितलं आणि दोघांचे हात एकमेकांत दिले. ती कुस्ती वीस मिनिटं चालली आणि शेवटी बरोबरीत सोडवावी लागली. लोक उभे राहून ओरडत होते.

सुनंदाने मात्र कुस्तीनंतर दोघांना वजनकाट्यावर उभं केलं. ‘‘आप्पा, चार किलोचा फरक आहे.’’

‘‘मातीत चार किलो कोन धरतंय?’’

‘‘माझ्या भावाला विचारा कोण धरतंय ते.’’

आप्पांनी काट्यावरचा आकडा वाकून बघितला. मग म्हणाले, ‘‘पुढच्या साली तू यादी लाव. मी नुस्ता बघीन. पर ह्या मामास्नी कॉम्प्युटरच्या खोलीत सोडू नगंस.’’

आंबेडोह, शेवटची सकाळ

माती एका आंघोळीत जात नाही. कानातली तर आठवडाभर राहिली. सकाळी दुधाचा तांब्या घेऊन आप्पा आले, तेव्हा मी फॉर्म पुढे ठेवून बसलो होतो. दोष सापडल्यास कारण लिहायला त्यात तीनच चौकटी होत्या: प्रोग्रॅम, यंत्र, वापरणारा.

‘‘काय आडलंय?’’ आप्पांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

‘‘ह्यात तुमास्नी जागाच न्हाई की.’’

‘‘तेच बघतोय. ‘वापरणारा’ लिहिलं तर तुमच्यावर येतं. प्रोग्रॅम लिहिलं तर बाईंवर.’’

‘‘आन् काईच न्हाई लिवलं तर?’’

‘‘तर सर्टिफिकेट मिळतं.’’

आप्पांनी मिशीवरचं दूध पुसलं. काही बोलले नाहीत. त्या माणसाची ही वाईट खोड होती. मैदानात बोलायचे आणि जिथे दोन शब्द हवे असतात तिथे बसून राहायचे. शेवटी मी पट्टी मागवली, तीन चौकटींच्या खाली चौथी चौकट आखली आणि तिच्यात लिहिलं: तपासणारा. शेजारी सगळा प्रकार, पै. खोटारामापासून आकाशापर्यंत. लिहिताना पिंपरीची बंद कंपनी, मेहुण्याचा चेहरा आणि साहेबांचं मार्चअखेर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण कानात माती असताना खोटं लिहिणं जड जातं.

शेऱ्याच्या जागी आप्पांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं, सही केली आणि कागद पालथा करून दिला. सांगलीच्या स्टँडवर, भडंगाच्या पुड्यात एक हात असताना, मी तो वाचला. शेरा दोनच वाक्यांचा होता:

‘माणूस कच्चा आहे. पण नाव पुकारल्यावर आला.’

भडंग तिखट होतं. डोळ्यांत पाणी आलं ते त्याच्यामुळेच, असं मी शेजारच्या प्रवाशाला सांगितलं.

मुंबई

तोंडी परीक्षेला टेबलापलीकडे दोघं होते. एक मद्रासकडचे वयस्कर गृहस्थ आणि एक मराठी बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. गृहस्थांनी फॉर्म वाचला, चौथ्या चौकटीवर बोट ठेवलं आणि इंग्रजीत म्हटलं, ‘‘ही आमच्या फॉर्ममध्ये नाही.’’

‘‘नाही सर. मला लागली म्हणून आखली.’’

‘‘तुमची चाचणी तुमच्याच चुकीने बिघडली, असं तुम्ही लेखी देताय?’’

‘‘हो सर.’’

ते पंख्याकडे बघत बसले. मी मनातल्या मनात दुसरीकडे बघायला सुरुवात केली. मेहुण्याचा आणखी कोणी ओळखीचा आहे का, याची उजळणी चालू होती. मग त्यांना खालचा देवनागरीतला शेरा दिसला. त्यांनी फॉर्म बाईंकडे सरकवला. ‘‘वापरणाऱ्याने हे काय लिहिलंय?’’

बाईंनी चष्मा वर ढकलून वाचलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचलं. मग फॉर्म बंद केला, शिक्का हातात घेतला आणि गंभीर चेहऱ्याने इंग्रजीत भाषांतर करून सांगितलं,

‘‘युजर इज सॅटिस्फाइड.’’